गाडी धूर मारते, म्हणून लगेच बोअर नको

कर्जत-खालापूर तालुक्यांत फेरीचा धंदा करणारे आपले अनेक भाऊ जुन्या मोटारसायकलवरच माल नेतात. मागे कापडाचे गठ्ठे, रस्ता कशेळ्याचा नाहीतर खोपोलीचा. इंजिन धूर मारू लागले की मिस्त्री म्हणतो, ‘बोअर करा.’ आम्ही म्हणतो, आधी धूर पाहा.

१९९४ साली बाजारात आलेल्या ९७.२ सी.सी.च्या स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत सकाळच्या पहिल्या किकला निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेले. काम थोडक्यात होते. काळा धूर असेल तर कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर पाहावा. चढावर सतत निळा धूर आणि ऑइलही घटत असेल, तरच रिंगवर शंका घ्यावी.

खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून प्लग काढावा, भोकात चमचाभर ऑइल सोडावे, प्लग बसवून किक दाबावी. किक आधीपेक्षा जड लागली तर रिंग-बोअर झिजले. फरक नसेल तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा.

बोअर करायचाच तर माप घेऊन. पिस्टन ०.२५ मि.मी.च्या टप्प्याने मोठे मिळतात. पहिल्याच वेळी १ मि.मी.वर नेले की मधले टप्पे फुकट गेले, पुढे स्लीव्हचा खर्च.

मजुरी आधी ठरवावी, जुने पिस्टन परत मागावे. कारागीर बांधवांनी राग मानू नये. गिऱ्हाईक आमच्याकडेही कापड समोर मोजून घेतेच. बोअरनंतर पहिले पाचशे किलोमीटर गठ्ठे कमी बांधावेत, गाडी ताणू नये.