न बोलता दिलेला धडा

मुलांना वळण लावावयाचे म्हणजे त्यांना उपदेश करावयाचा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मूल ऐकते थोडे आणि पाहते फार. घरातील वडीलधारी माणसे रोज कशी वागतात, हे त्याच्या मनावर नकळत ठसत जाते. आचार्य विनोबा भावे यांचे बालपण हे याचे उत्तम उदाहरण होय.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यामुळे लहानग्या विनायकाची पहिली वर्षे आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्या सहवासात गेली. आजोबा चांद्रायण व्रत करीत. या व्रतात चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवीत पौर्णिमेस पंधरा घास घ्यावयाचे आणि पुढे त्याच क्रमाने कमी करीत अमावास्येस उपवास करावयाचा असतो. चंद्रोदयाची वेळ रोज बदलते. कृष्णपक्षात चंद्र रात्री उशिरा उगवे, तेव्हा आई झोपलेल्या विनायकाला उठवून पूजेस नेई. संयम म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही. ते त्याने रोज पाहिले.

एकदा आजोबा पूजेस बसले असता देवाच्या मूर्तीवर विंचू आढळला. घरात गडबड उडाली. 'मारा, मारा' असे शब्द उठले. आजोबांनी सर्वांना थांबविले. विंचू देवाच्या आश्रयास आला आहे, त्याला कोणी हात लावू नये, असे त्यांनी सांगितले आणि शांतपणे पूजा पूर्ण केली. थोड्या वेळाने विंचू आपोआप निघून गेला. हा प्रसंग विनोबा कधीही विसरले नाहीत. आपल्या चित्तात जे काही पावित्र्य आहे ती आजोबांची देणगी, असे ते मानीत.

पुढे मे १९६० मध्ये विनोबा मध्य प्रदेशातील भिंड-मुरैना भागात गेले. ज्यांच्या नावाने गावे थरथर कापत, अशा सुमारे वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यांच्यावर रीतसर खटले चालले. गुन्हा माफ झाला नाही. परंतु शरण आलेल्या माणसाचा विनोबांनी तिरस्कार केला नाही. या वागण्याचे मूळ केवळ त्या एका प्रसंगात होते, असे म्हणता येणार नाही. तरी गागोद्याच्या देवघराची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

गागोदे असो वा जबलपूरचे विजय नगर, घर लहान असो वा मोठे, नातवंडांचे डोळे सर्वत्र सारखेच उघडे असतात. ज्यांना बालपणी शाळा लाभली नाही, त्यांना पुष्कळदा वाटते, 'आपण मुलांना काय शिकविणार?' परंतु भाजीवाल्याने चुकून जादा दिलेले पैसे परत करणारी आजी आणि उतारवयात पाटी-पुस्तक हाती घेणारे आजोबा न बोलता पुष्कळ काही शिकवीत असतात. असा धडा नातवंडांच्या स्मरणात दीर्घकाळ राहतो.