केतकर, श्रीधर व्यंकटेश

केतकर, श्रीधर व्यंकटेश : (२ फेब्रुवारी १८८४–१० एप्रिल १९३७). जातिसंस्थेचे आद्य भारतीय समाजशास्त्रीय अभ्यासक, महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक व कादंबरीकार. जन्म रायपूर येथे. शालेय शिक्षण वऱ्हाडात, अमरावतीस. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही काळ शिकून ते १९०६ मध्ये अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच्. डी. झाले (१९११).

द हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया (१९०९) या ग्रंथात त्यांनी मनुस्मृतीच्या आधारे प्राचीन समाजस्थितीचे विवेचन केले. जातीची दोन लक्षणे त्यांनी सांगितली : सभासदत्व जन्मानेच मिळणे आणि जातीबाहेर विवाहास बंदी असणे. जात सुटी न पाहता जातींच्या व्यवस्थेचा घटक म्हणून पाहिल्याबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ च्या आपल्या निबंधात त्यांचे श्रेय मान्य केले. मात्र ही दोन लक्षणे एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू होत, हेही त्यांनी दाखवून दिले. कारण बाह्यविवाह बंद झाला, की बाहेरच्यांचा प्रवेश आपोआपच थांबतो. विवेचनाचा दुसरा भाग अ‍ॅन एसे ऑन हिंदुइझम (१९११) या नावाने लंडनहून प्रसिद्ध झाला.

स्वदेशी परतल्यावर केतकरांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. परंतु ते अल्पकाळच टिकले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ मध्ये. तोपर्यंत केतकरांनी विद्यापीठाबाहेरचा मार्ग धरला होता. भागभांडवलावर उभारलेल्या, नागपूर येथील ज्ञानकोश मंडळामार्फत त्यांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला; त्याचे मुख्य कार्य पुण्यात झाले. वर्णानुक्रमी खंडांपूर्वी त्यांनी पाच प्रस्तावनाखंड योजिले. हिंदुस्थान आणि जग हा त्यांतील पहिला. समाजांच्या परस्परसंबंधांचा विचार त्यांत प्रामुख्याने येतो.

१९२० मध्ये त्यांनी जर्मन ज्यू कुळातील ईडिथ कोहन (शीलवतीबाई) यांच्याशी विवाह केला व त्यांना व्रात्यस्तोम विधीने हिंदू समाजात घेतले. जन्मावर आधारलेल्या ज्या बंधनाची त्यांनी व्याख्या केली, त्याचाच प्रश्न त्यांनी असा स्वतःच्या संसारात सोडविला. ब्राह्मणकन्या (१९३०) या कादंबरीत मिश्र कुलातील कालिंदीची कोंडी हाच प्रश्न मांडते. त्यांच्या कादंबऱ्या कलादृष्ट्या सैल असल्या, तरी समाजचिंतनाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. १९३१ च्या हैदराबाद येथील साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले.