मागं काय वाजतंय, ऐक!

पीएमपीच्या गर्दीत हेडफोन लावला की माझं एक ठरलेलं वेड असतं. गाणं कुठलंही असो, मी आधी गायकाच्या मागे काय वाजतंय ते ऐकतो. लोक विचारतात, 'म्युझिकचा क्लास लावला होतास का?' क्लास कसला... निलंग्यात मला 'मास्तर' भेटला होता.

मास्तर म्हणजे शाळेत माझ्याच बेंचवरचा पोरगा. त्याच्या वडिलांचा लग्नात वाजवणारा बँड होता, म्हणून हे नाव. २०१० च्या जानेवारीत 'नटरंग' आला. अजय-अतुलची ती गाणी आम्ही सगळेच गुणगुणायचो. मास्तर मात्र मोबाईलच्या दुकानातून ती मेमरी कार्डात भरून आणायचा आणि नीळकंठेश्वराच्या देवळापाशी बसून एकेक ओळ दहा-दहा वेळा ऐकायचा. लग्नसराईच्या आत बँडवर बसवायची असायची ना! मी मध्येच गायला लागलो की डाफरायचा, 'आरं, गाणारा सोड लेका. मागं काय वाजतंय, ऐकायलास का?'

क्लॅरोनेटच्या तोंडाशी एक पातळ पट्टी असते. तिला रीड म्हणतात. कोरडी असली तर ती नीट बोलत नाही, म्हणून त्याचे वडील वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करायचे. त्यांच्या बँडला गायक नव्हता. गायकाची ओळ क्लॅरोनेटवर, मधले तुकडे ट्रंपेटवर. एकही शब्द नाही, तरी अख्खी वरात गाणं ओळखायची. शब्दांवाचूनही गाणं असतं, हे मला तिथं कळलं.

मे २०१६. ताईचं लग्न. दुष्काळ असा की एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या मांडवातही टँकरचंच पाणी. बाबा म्हणाले, 'बँड मास्तरच्या घरचाच सांगू.' मी पुण्याच्या कॉलेजात शिकणारा शहाणा! म्हटलं, 'बँड? किती डाउनमार्केट वाटतं!' डीजे आला. 'सैराट' नुकताच लागला होता, 'झिंगाट'वर सगळे बेभान नाचले.

मास्तरही आला होता. पंगतीत वाढायला उभा राहिला. बँडबद्दल अवाक्षर नाही. त्या सिनेमासाठी अजय-अतुलनं अमेरिकेत सोनीच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, हे त्यालाच माहीत होतं. रात्री एवढंच म्हणाला, 'भारी वाजवलंय तिकडल्या लोकांनी.' पुढच्या वर्षी त्यांचा बँड बंद पडला.

गेल्या दिवाळीत त्याच्या घरी गेलो. आता तो पिकअप चालवतो. मीच आग्रह केला, तेव्हा त्यानं पेटी उघडली, रीड ओली केली. अर्धी ओळ वाजली आणि दम तुटला. हसून म्हणाला, 'फुंक राहिली नाही लेका. तू सांग, नवीन काय ऐकायलास?'

मी एक इअरबड त्याच्या कानात दिला, एक माझ्या. अर्ध्या मिनिटात त्यानं माझा हात दाबला. 'हे बघ, मागं क्लॅरोनेट.' ते गाणं मी महिनाभर ऐकत होतो. मला ते सापडलंच नव्हतं.

सॉरी म्हणायचं त्या दिवशीही राहून गेलं. म्हणून इथे सांगतो. मास्तर, ताईच्या लग्नात तुमचाच बँड हवा होता.