घोडकाठच्या घराण्यांचा माग

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि तालुका कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं उघडली. कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, बाहेर आल्या. मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. वंशावळ जुळवायला बसलेल्यांना खापरपणजोबाचं नाव सापडलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: त्याच्या आधी कोण, आणि हे लोक इथे आले कुठून?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कागद बऱ्यापैकी साथ देतो. पाटीलकी, कुलकर्णाची घराणी असतील तर वतनाचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात सापडण्याची आशा असते. शिरूर शहर, जुन्या लोकांच्या तोंडी घोडनदी, वाढलं ते इंग्रजांच्या छावणीमुळे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन पुण्याकडे निघाला आणि वाटेत कोरेगावची लढाई झाली, तो इथूनच. छावणीमागे बाजार आला, बाजारामागे व्यापारी. दौंडला रेल्वे जंक्शनने असंच माणसांना आणून वसवलं. अशा घरांना आपलं येणं निदान कोणत्या पिढीतलं, हे सांगता येतं.

त्यापलीकडे मात्र कागद नाही. तिथे पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाला, विचारावं लागतं.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव पुण्याच्या पूर्वेला, घोड नदीच्या उजव्या काठावर आहे. गावाजवळच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यातले प्रमुख. ताम्रपाषाण काळातलं एक अख्खं खेडं त्यांनी उजेडात आणलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मध्ये माळव्याकडच्या संस्कृतीचे शेतकरी इथे राहायला आले. दख्खनच्या या कोरड्या पट्ट्यात नांगरटीची सीमा पुढे सरकवणारे ते लोक. पुढे १४०० च्या सुमारास जोर्वे संस्कृतीचा काळ आला. हे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडलं. सातू, गहू, मसूर, कुळीथ पिकवायचे, गुरं पाळायची, पुराचं पाणी चारीने वळवून घ्यायचं, असा त्यांचा संसार.

शंभराहून जास्त घरं उघडी झाली. आयताकृती, कुडाच्या भिंतींची. कुंभाराचं आणि इतर कारागिरांचीही. एका पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं, म्हणून ते गावच्या प्रमुखाचं असावं असं संशोधकांनी मानलं. माणूस मेला की त्याला बहुधा घराच्याच जमिनीखाली पुरत. मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत. प्रौढाला उताणं, डोकं उत्तरेला करून, आणि घोट्याच्या वरून पाय तोडून. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची कल्पना असावी, असा एक अर्थ लावला जातो.

प्रमुखाच्या घरातलं दफन मात्र वेगळं. चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या रांजणात चाळिशीचा एक पुरुष बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. तसाच दुसरा रांजण तिथेच निघाला, पण त्यात माणसाची हाडं नव्हती. ढवळीकरांना त्यात आधीच्या प्रमुखाचं प्रतीकात्मक दफन दिसलं आणि बापाकडून मुलाकडे अधिकार जात असल्याची शक्यता त्यांनी मांडली. लेखनकलेचा मागमूस नसताना वंशाची चाहूल लागावी, ही या उत्खननातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

इसवी सनापूर्वी १००० नंतर हवामान कोरडं झालं. ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली आणि ७०० च्या सुमारास वस्ती उठली.

ते लोक आजच्या शिरूरकरांचे पूर्वज होते का? कोतवाल बुकातली नोंद आणि तो रांजण यांच्यामध्ये अडीच हजार वर्षांहून मोठी दरी आहे आणि तिच्यावर वंशावळीचा पूल बांधण्याचा मोह आवरायलाच हवा. हाडांवरून वय, आजार, आहार कळतो. आडनाव कळत नाही. पण गावाची ओळख केवळ रक्ताची नसते. ज्याच्या शिवारात अशी पांढर आहे, त्याने तिची माती खत म्हणून शेतात टाकण्याआधी थांबायला हवं, कारण ट्रॉलीतून गेलेला थर कुठल्याच दप्तरात पुन्हा सापडत नाही. इनामगावातून निघालेल्या वस्तू येरवड्याला डेक्कन कॉलेजात आहेत. पेशवे दप्तरात मोडी कागद शोधायला पुण्याला जाणाऱ्या माणसाला त्याच फेरीत तिथेही जाता येतं.