उत्तरेकडील दोन विमानतळ : अंतर आणि वेळ

नॉर्वेतील ट्रोम्सो व स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन यांमधील अंतर मर्केटर पद्धतीच्या नकाशावर मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट भासते. वस्तुतः ते त्याहून कमी आहे. कारण हा नकाशा ध्रुवाकडील प्रदेश ताणून दाखवितो. खरे माप अक्षांशांवरून काढावे. दोन्ही स्थळांच्या रेखांशांत थोडाच फरक असून अक्षांशांत सुमारे साडेआठ अंशांचा आहे. एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा, म्हणून अंतर ९५० किलोमीटरांच्या आसपास येते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हा प्रवास ७१ मिनिटांचा. परंतु धावपट्टीवरील चाल, चढण व उतरण धरून वेळापत्रकात दीड तासाहून अधिक वेळ दिलेला असतो. व्यापाऱ्याने माल पोहोचविण्याचा वायदा करताना नकाशावर विसंबू नये. वेळापत्रक पाहूनच शब्द द्यावा.