एअरबॅग : गॅरेजमध्ये घ्यावयाची काळजी

गॅरेजमध्ये होणाऱ्या दुखापती आपल्या परिचयाच्या आहेत. जॅक सरकून बोट चेमटते, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडल्याने तोंड भाजते, ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात जाते. त्यात आता एका नव्या धोक्याची भर पडली आहे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि गाडी बंद असली तरी कायम असतो. हा धोका म्हणजे स्टीअरिंगमध्ये दडलेली एअरबॅग.

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग असणे सक्तीचे झाले. चालकाशेजारच्या आसनासाठीही २०२१ च्या अखेरीपर्यंत हाच नियम लागू झाला. या गाड्या आता जुन्या होऊन तालुक्याच्या गावातील लहान गॅरेजांत येऊ लागल्या आहेत. तेव्हा फिटर, वायरमन, डेंटिंग-पेंटिंग करणारे आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले या सर्वांना या यंत्रणेची माहिती हवी.

एअरबॅग फुगते कशी?

ही पिशवी आधीपासून हवेने भरलेली नसते. घडी घातलेल्या पिशवीमागे धातूची डबी असते व बहुतेक प्रकारांत त्या डबीत जळणारे रसायन असते. गाडीला जोराची धडक बसली की नियंत्रण पेटी डबीकडे विजेचा प्रवाह पाठवते, रसायन पेटते आणि तयार झालेल्या वायूने पिशवी सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात फुगते. पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो. पट्टा बांधून योग्य अंतरावर बसलेल्या माणसाचे प्राण वाचवणारा हा जोर स्टीअरिंगवर वाकून काम करणाऱ्याच्या तोंडावर आला, तर डोळा, जबडा, मान, मनगट यांना गंभीर इजा होऊ शकते. मोठ्या आवाजाने कानाचा पडदाही फाटू शकतो.

बॅटरी काढली, तरी थांबा

अनेकांचा समज असा, की चावी काढली म्हणजे धोका संपला. तसे नाही. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग फुगावी, म्हणून नियंत्रण पेटीत थोडी वीज साठवलेली असते. बॅटरी सोडवल्यानंतरही ती काही काळ टिकते. म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी व ती पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला ठेवावी. नंतर त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. काही गाड्यांत तो एक-दोन मिनिटांचा, तर काहींत दहा मिनिटांहूनही अधिक असतो. गिऱ्हाईक घाई करीत असले तरी तो कमी करू नये.

२. एअरबॅगच्या वायरी व जोडण्या सहसा पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा साधा मीटर लावू नये. तपासणीसाठी दिलेला एवढासा प्रवाहही पिशवी उडवू शकतो.

३. काढलेली एअरबॅग नेताना तिची झाकणाची बाजू अंगापासून दूर धरावी. टेबलावर ठेवताना झाकण वर असावे. ते खाली ठेवले आणि पिशवी उडाली, तर सगळा जड भाग वर फेकला जातो. तिच्यावर पाने, हत्यारे ठेवू नयेत.

४. तिच्याजवळ वेल्डिंग, गॅसची ज्योत वा ठोकाठोक नको. रंग वाळवण्यासाठी गाडी तापवावयाची असल्यास किती उष्णता चालेल, हे पुस्तिकेत पाहावे.

५. आसनांच्या बाजूला व छताच्या कडेलाही पिशव्या असू शकतात. अनेक गाड्यांत सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेतही असेच स्फोटक रसायन असते. तेथेही हीच काळजी घ्यावी.

६. न उडालेली एअरबॅग भंगारात देऊ नये. ती फोडू वा जाळू नये. जुन्या काही प्रकारांत सोडियम अझाइड हे अत्यंत विषारी रसायन असते. विल्हेवाटीसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे विचारणा करावी.

उडालेली पिशवी हाताळताना

अपघातग्रस्त गाडीत फुगून गेलेल्या पिशवीवर व आसनांवर भुकटी पडलेली असते. तिच्यात क्षाराचा अंश असू शकतो. त्यामुळे त्वचेची, घशाची व विशेषतः डोळ्यांची जळजळ होते. दम्याच्या रुग्णांना धाप लागू शकते. हातमोजे, चष्मा व मास्क वापरावा. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, त्यापूर्वी चहाचा कप हातात घेऊ नये.

दुखापत झालीच तर

डोळ्यात भुकटी गेल्यास चोळू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार किमान वीस मिनिटे सोडावी व लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. क्षार डोळ्यात खोल शिरतो, म्हणून धुण्यास झालेला उशीर नजरेवर बेततो. गुलाबपाणी, दूध असे काही घालू नये. डोळ्याला मार लागून रक्त येत असेल, तर डोळा दाबू नये. हलके आवरण घालून तातडीने रुग्णालय गाठावे.

भाजल्यास अंगठी, घड्याळ काढून जागा वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट वा हळद लावू नये. कानात आवाज येत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर तेल न घालता कान तपासून घ्यावा. मान दुखत असेल तर रुग्णाला उठवू नये, मान हलू न देता मदत बोलवावी. छातीवर मार लागला असेल, तर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे.

प्रत्येक गॅरेजमध्ये नळाला जोडलेली रबरी नळी, स्वच्छ पाण्याची बादली आणि दोन-तीन संरक्षक चष्मे सहज ठेवता येतात. याला फार खर्च नाही. आणि एक गोष्ट मालकांनी अवश्य करावी. हाताखालच्या मुलाला पाना देण्याआधी पिवळी वायर कोणती, ते दाखवावे आणि तिला आपल्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे बजावावे.