तान्हे मूल आणि मुके जनावर

संसार म्हटला की लहान मूल आले. आणि आपल्या मॉरिशसमधील पुष्कळशा घरांत मुलाच्या जोडीला अंगणातले कुत्रे अथवा उंबऱ्यावर निजणारे मांजरही आले. दोघांनाही आपले दुखणे सांगता येत नाही, आणि दोघांनाही नको ते तोंडात घालण्याची खोड! गणेशचतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेले असावे आणि नेमके तेव्हाच बाळाने सतरंजी खराब करावी, किंवा कुत्र्याने देवघराच्या दारात ओकावे, हे कोणत्या घरी घडत नाही? अशा वेळी पहिली धडपड होते ती झाकपाक करण्याची. परंतु घाईने जे फेकले जाते, त्यातच दुखण्याची खूण असते. रक्त, जंत, अथवा गिळलेल्या वस्तूचा तुकडा दिसला तर तो नीट पाहून वैद्यास स्पष्ट सांगावा. लाजेपायी वेळ दवडू नये.

आपल्या पूर्वजांनी या व्याधींचे उग्र रूप पाहिले होते. १८५६ साली गॅब्रिएल बेटावर अडकवून ठेवलेले अनेक गिरमिटिये मजूर पटकी व हगवणीने मृत्यू पावले. शरीरातून जाणारे पाणी भरून काढण्याची सुलभ रीत तेव्हा हाती नव्हती. पुढे १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा घातलेले पाणी रुग्णांच्या नातलगांकरवीच पाजविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

म्हणूनच बाळाला जुलाब होताच क्षारसाखरेची तयार पुडी सांगितलेल्या मापाने पाण्यात कालवून द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नये, कारण अधिक मीठ घातक ठरते. अंगावरचे दूध तोडू नये. बाळ ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी थांबली असेल, शौचात रक्त असेल किंवा मूल सुस्त पडले असेल, तर तत्काळ डॉक्टर गाठावा. वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे गंभीर विषबाधा होऊ शकते.

बाळाने कुत्र्याच्या विष्ठेस हात लावला तर ओरडून घाबरवू नये. तोंड पुसावे, हात साबणाने धुवावेत आणि डॉक्टरांस कळवावे. त्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीत काही आठवडे राहून बाधक होतात. यास्तव घाण रोज उचलावी व पिलांना वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे. कुत्रे चावले वा ओरखडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून दवाखान्यात जावे.

एका गोष्टीचे मात्र कटाक्षाने भान ठेवावे: माणसाचे औषध जनावरास देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. चॉकलेट, कांदा व द्राक्षे कुत्र्यास विषारी ठरतात. अशा वेळी मीठ चारून ओकारी काढू नये. काय खाल्ले, किती व केव्हा, एवढे पशुवैद्यास सांगावे.

मुक्या जिवाचे बोलणे आपणच बोलावयाचे असते. ते स्पष्ट आणि वेळेवर बोलावे.